टिकारामच्या कॅमेऱ्याचे सुटे भाग

मोहाडीसारख्या गावात कॅमेऱ्याचा मिस्त्री राहतो असं सांगितलं, तर नागपूरचा माणूस हसायचा. धानाचा मुलूख, आठवड्याचा बाजार, तहसील कचेरीपुढे अर्ज लिहून देणाऱ्यांच्या खुर्च्या. इथं कॅमेरा घेऊन येणार कोण? पण येत. एके काळी तुमसर, साकोली, गोंदिया, थेट बालाघाटचे स्टुडिओवाले आपला आजारी कॅमेरा जुन्या लुगड्यात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन टिकारामच्या दारात उतरत.

हा कॅमेरा म्हणजे खिशात मावणारा नव्हे. सागवानी लाकडाचा, पितळी कोपऱ्यांचा, तिपाईवर उभा राहणारा. पुढे भिंग, मागे घासलेली काच आणि दोघांच्या मध्ये हार्मोनियमसारखा घड्यांचा काळा भाता. फोटोवाला डोक्यावर काळं कापड ओढून मागच्या काचेवर बघायचा. तिथं समोरचा माणूस उलटा दिसायचा, पाय वर आणि डोकं खाली. असल्या कॅमेऱ्यांच्या कंपन्या कधीच्या बुडाल्या. भिंगाचं कडं फुटलं, पितळी चाकाचे दाते झिजले, भात्याला भोक पडलं, की तो भाग कुठून तरी हुडकायचा नाहीतर हातानं घडवायचा. टिकारामनं जन्मभर हेच केलं. माणूस तिरसट. दारात आलेल्याला पाणी विचारायच्या आधी कॅमेऱ्याची नाडी बघायचा आणि मालकाला झोडपायचा.

"हा भाता उंदरानं खाल्ला का तूच खाल्ला गा? पावसात नेला होता ना? खोटं नोको बोलू."

लोक मुकाट ऐकून घेत. अडला हरी, दुसरं काय. शिवाय हा माणूस पोटतिडकीनं काम करतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. एखादा भाग कुठंच मिळाला नाही, तर टिकाराम उसासा टाकून शिडी लावे, माळ्यावर चढे आणि तिथं पडलेल्या एका कॅमेऱ्यातून तो भाग काढून आणून देई. तो त्याचा स्वतःचा कॅमेरा होता. भिंग लाखांदूरच्या परसरामला गेलं, दात्यांचं चाक तुमसरला, मागची काच कोंढ्याला. परसरामनं एकदा विचारलंही, "टिकारामभाऊ, मंग तुमी फोटू कायनं काढसान?"

"मले नाही काढायचा," टिकाराम म्हणाला, आणि विषय मिटला.

तसा तोही कधी काळी फोटोवालाच होता. बाजाररस्त्यावर एक खोली, मागे पडद्यावर रंगवलेला धबधबा आणि हरीण, पुढे एक स्टूल. लग्न ठरलेल्या मुली, शिपायाच्या नोकरीला अर्ज करणारी पोरं, मेलेले म्हातारे, सगळे त्याच्या भिंगापुढून गेले. बायको चंद्रकला मागच्या पडवीत विड्या वळायची आणि गिऱ्हाईक लेकुरवाळं असलं की हात झटकून पुढे यायची, लेकराला स्टुलावर धरून बसवायला. त्यांना एकच मुलगी, रिता. पाचवं सरत आलेलं. दिवसभर स्टुडिओत लोळायची आणि बापाच्या मागे लागायची, की माझा फोटो काढ.

आता फोटोवाल्याच्या मुलीचा फोटो काढायला कितीसा वेळ लागतो? पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं. आधी कागद महाग म्हणून राहिलं, मग लग्नसराई म्हणून. मग नव्या फ्रॉकची वाट पाहिली. फ्रॉक आला तेव्हा कॅमेऱ्याचा भाता उंदरांनी कुरतडून ठेवला होता. शेजारच्यांनी सांगितलं, भंडाऱ्याला ने, तिथं कुठल्याही स्टुडिओत दोन मिनिटांत होईल. टिकारामला ते अपमानासारखं वाटलं. माझ्या मुलीचा फोटो दुसऱ्याच्या कॅमेऱ्यानं? नागपूरला इतवारीत भाता मिळाला नाही, तर हा गडी वरठीच्या स्टेशनवर हावडा मेलमध्ये बसला आणि कलकत्त्याला गेला. तिथं ओळख ना देख. जुन्या बाजारात हिंडून हिंडून त्यानं आपल्या मापाचा भाता मिळवला. परत वरठीला उतरला तेव्हा तो भाता वर्तमानपत्रात गुंडाळून छातीशी धरलेला होता, आणि गावचा एक माणूस त्याला पाहून चहाच्या टपरीमागे तोंड लपवत होता.

तापानं गेली रिता. डोक्यात चढला ताप. लहान मूल, त्याला कोण किती ठेवणार. नदीकाठी पुरून गावकरी आपापल्या बांधीत धानाच्या रोवण्याला गेलेही होते. चंद्रकला पडवीत बसून विड्या वळत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या पुडक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भेटला का जी भाता?"

एवढंच. तुम्ही असता तर असं झालं नसतं, हे ती तेव्हा बोलली नाही आणि पुढे पंचवीसेक वर्षांत कधीही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. ज्या घरात भांडण होत नाही त्या घरात सुख असतं असं समजणारे लोक मला नेहमी भाबडे वाटत आले आहेत. टिकारामनं तो भाता त्याच महिन्यात तिरोड्याच्या एका फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याला बसवून टाकला, आपला कॅमेरा माळ्यावर फेकला, स्टुडिओ बंद केला आणि लोकांचे कॅमेरे दुरुस्त करत बसला. मूल पुन्हा झालं नाही.

पुढे रंगीत फोटो आले, लहान कॅमेरे आले. जिल्हा फुटला, तिरोडा आणि गोंदिया पलीकडच्या नव्या जिल्ह्यात गेले, तोवर टिकारामचं काम जवळजवळ आटपलं होतं. लाकडी कॅमेरे कुणी जाळले, कुणी भंगारात घातले. त्यानं खंत केली नाही. खंत करावी असं दुसरं काही घरात सुरू झालं होतं.

चंद्रकला विसरू लागली होती. आधी भाजीत दोनदा मीठ पडू लागलं, मग बाजारातून घरी येताना वाट चुकली. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, हे वाढत जाईल, गेलेलं परत आणायचं औषध नाही. मग ती टिकारामलाही विसरली. काही दिवशी तो तिचा नवरा असे, पण बहुतेक दिवशी दारात बसलेला कुणी परका माणूस. त्याच्या हातातला स्क्रूचा पेचकस पाहून ती आदरानं पदर सावरायची आणि म्हणायची:

"तुमी फोटूवाले ना जी? आमच्या पोरीचा फोटू काढून द्या. तिचे बाबूजी कलकत्त्याले गेले."

"कवा येतात?" पहिल्यांदा टिकारामनं न राहवून विचारलं.

"येऊन राहिले. भाता आणाले गेले. पोट्टी रोज इचारते, मी काय सांगू?"

रिता मात्र ती विसरली नव्हती. शेजारच्या रत्नाबाईची नात खुशबू अंगणात आली, की चंद्रकला तिला धरून वेण्या घालून द्यायची आणि सांगायची, आमच्या रिताचे केस असे नाहीत, तिचे कुरळे आहेत, फणी अडकते. ते ऐकताना टिकाराम मान फिरवून बसे. कारण त्याला रिताचा चेहरा आठवत नव्हता. फ्रॉक आठवे, त्यावरची पिवळी नक्षी आठवे, पावलांचा धपधप आवाज आठवे. चेहऱ्याच्या जागी काही येत नसे. किती रात्री त्यानं डोळे घट्ट मिटून प्रयत्न केला होता, आणि हे पाप तो कुणाला सांगू शकत नव्हता. एक कागदाचा तुकडा असता तर! आता या जगात ती मुलगी एकाच ठिकाणी शिल्लक होती, चंद्रकलाच्या डोक्यात, आणि ते डोकं दिवसेंदिवस रिकामं होत होतं. आज नवरा गेला, उद्या मुलगी जाईल. मग रिता कुठंच उरणार नाही.

म्हणून त्यानं ठरवलं, चंद्रकला म्हणते तसा फोटो काढायचा. कशाचा काढायचा, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही. बायकोनं काही मागितलं आहे आणि ती मागणं विसरायच्या आत ते द्यायचं आहे, एवढंच त्याला समजत होतं. तो शिडी लावून माळ्यावर चढला. कॅमेऱ्याचा सांगाडा तेवढा होता. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांना भाग दिले, तो आता दारोदार आपलेच भाग मागायला निघाला.

तिरोड्याला तो फोटोवाला राहिला नव्हता. त्याच्या पोरानं कॅमेरा लग्नाच्या हॉलमध्ये शोभेला ठेवला होता, आत लाल दिवा लावून. भाता दिव्याच्या उष्णतेनं कोळपून गेला होता आणि त्याच्या घड्यांत कुणीतरी केळीच्या साली कोंबल्या होत्या. टिकारामनं त्याला बोट लावून पाहिलं, साली काढल्या, आणि काही न मागता निघून आला. तुमसरचं दात्यांचं चाक भंगारात गेलं होतं. मागची काच मात्र कोंढ्याला अगदी धडधाकट निघाली. तिथल्या फोटोवाल्यानं ती न्हाणीच्या खिडकीला बसवली होती. घासलेली काच, उजेड येतो आणि आतलं दिसत नाही. टिकारामला एवढ्या दुःखातही हसू आलं. फोटोवाला बिचारा खिळे काढून द्यायला लागला, आणि पहिल्याच खिळ्याला काचेला चीर गेली.

त्याच फेरीत पवनीवरून तो लाखांदूरला गेला. बसच्या दोन्ही बाजूंना रोवणी झालेल्या बांध्या हिरव्यागार होत्या. परसरामला जाऊन काही वर्षं झाली होती. त्याचा मुलगा धम्मदीप स्टॅंडजवळ मोबाइल आणि पासपोर्ट फोटोंचं दुकान चालवत होता. त्यानं "जयभीम काका" म्हणून पाया पडून टिकारामला घरी नेलं. घरात बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली चटईवर परसरामची बायको मनकर्णाबाई ग्रंथ उघडून बसली होती, आणि तिच्या हातात टिकारामचं भिंग होतं. पितळी नळीतून एकेक अक्षर पाहत ती पुटपुटत वाचत होती.

"वर्षावास सुरू आहे ना," धम्मदीप म्हणाला. "पावसाळ्याचे तीन महिने विहारात संध्याकाळी आईच वाचते. आधी घरी तयारी करते. चष्मा बनवून देतो म्हटलं तर आयकत नाही."

"त्याच्या चष्म्याची वाट पाहून राहिली असती तर ग्रंथ पुढच्या जन्मी वाचला असता," मनकर्णाबाई म्हणाली. मग तिनं टिकारामला ओळखलं आणि हातातलं भिंग चटकन मांडीवर ठेवलं. "हे तुमचंच आहे, भाऊ. हे मरताना सांगून गेले होते, टिकारामभाऊची अमानत आहे, मागाले आले तर देजा. काहून, कोणाचा क्यामेरा आला?"

"माहाच आहे."

"तुमी तं फोटू काढत नव्हते."

टिकाराम चटईच्या कडेला बसला. मग त्यानं सांगितलं. चंद्रकलाचं विसरणं, तिचं मागणं, तिचा नवरा कलकत्त्याला गेलेला असणं, सगळं. पंचवीस वर्षांत ज्या गोष्टीला त्यानं स्वतःच्या घरात तोंड फोडलं नव्हतं, ती लाखांदूरच्या या चटईवर घडघडा बाहेर पडली. शेवटी मनकर्णाबाईनं भिंग पदरानं पुसून त्याच्यापुढे केलं.

"पण माह्या हातून एक डाव पायरीवर पडलं, भाऊ. किनारीले टवका गेला. चालन का?"

"चालवतो," टिकाराम म्हणाला. "तुमचं वाचन?"

"माहं होईन. धम्मदीप बनवन चष्मा, आता त्याले पळाले जागा नाही." तिनं डोळे पुसले. "पोरीले पाहाचं राहिलं, तं मायले तरी पाहू द्या काही."

भिंग खिशात घालून तो परतला. टवक्यामुळे कडेकडेनं प्रतिमा फाटत होती. त्यानं काळ्या पुठ्ठ्याची चकती कापली, मधोमध लहान भोक पाडलं आणि भिंगाच्या पोटात बसवली, म्हणजे चांगल्या भागातूनच उजेड यावा. उजेड त्यामुळे फार थोडा यायचा. भंडाऱ्याला बाबूलाल कासाराकडे जाऊन त्यानं पितळेचं दात्यांचं चाक घडवून घेतलं. बाबूलाल आयुष्यभर पाण्याचे गुंड आणि घागरी ठोकणारा, असलं नाजूक काम पाहून तो कुरकुरला, "हे काय काम होय का गा? मुंगीचे दात बसवाले सांगून राहिला." पण कानशीनं एकेक दाता त्यानं नीट काढून दिला. काच टिकारामनं घरीच घासली. दोन काचांमध्ये कुरुंदाची पूड आणि पाणी घालून एकीवर दुसरी फिरवत राहायचं, पुरी धुक्यासारखी होईपर्यंत.

राहिला भाता, आणि त्याच्यावरच गाडं अडलं. आंधळगावच्या विणकरांकडून कोशाच्या रेशमाचं दाट कापड आणलं, ते काळं रंगवलं. पण भात्याच्या पोटात, दोन कापडांमध्ये, पुठ्ठ्याच्या चिंचोळ्या पट्ट्या चिकटवाव्या लागतात. त्यांच्यामुळे घडी पडते. दर पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा किंचित लहान, आणि कड एका रेषेत. टिकारामचा हात आता वयानं स्थिर राहत नव्हता. दोनदा कापलं, दोनदा भाता वाकडा झाला. तिसऱ्यांदा तो कात्री टाकून डोकं धरून बसला.

चंद्रकला त्याच्यासमोर येऊन बसली. तिनं पुठ्ठा उचलला, टिकारामनं मापासाठी कापलेला पत्र्याचा फर्मा त्यावर ठेवला आणि कात्री चालवली. विड्यांसाठी तेंदूपत्ता कापायची तशीच, फर्मा अंगठ्यानं दाबून, कड न सोडता. एक पट्टी, मग दुसरी. नवऱ्याचं नाव तिला आठवत नव्हतं, सकाळी जेवली का हे आठवत नव्हतं, पण हाताला सगळं आठवत होतं. टिकारामनं हळूच पुढचा लहान फर्मा सरकवला. तिनं तो घेतला. दुपारभर दोघं पडवीत बसून काम करत होते, ती कापायची आणि तो चिकटवायचा, आणि कित्येक वर्षांत एवढा वेळ ती दोघं एकमेकांसमोर बसली नव्हती.

"हे कायचं होय जी?" तिनं मधेच विचारलं.

"भाता होय."

"मंग त्याइले काहून पाठवलं कलकत्त्याले?" ती म्हणाली. "इथीच होत होता तं."

टिकारामच्या हातातला ब्रश तसाच राहिला. खरंच की. कोशाचं कापड आंधळगावला होतं, पुठ्ठा बाजारात होता, कात्री घरात होती आणि ती चालवणारी बाई पडवीत होती. भाता इथंच होत होता. तेव्हा त्याला ते सुचलं नव्हतं. त्याला कलकत्त्याचाच हवा होता. तो उठून विहिरीमागे गेला आणि तोंडात गमछा कोंबून रडला. परत आला तेव्हा ती पट्ट्या नीट लावून बसली होती.

पावसानं उघडीप दिली त्या दिवशी सकाळी त्यानं अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत कॅमेरा उभा केला. जुन्या काचेच्या प्लेटा आता मिळत नाहीत, म्हणून अंधाऱ्या धानाच्या कोठीत जाऊन त्यानं फोटो छापायचा ब्रोमाइडचा कागदच प्लेटच्या पेटीत घातला. समोर खुर्ची मांडली, शेजारी स्टूल. चंद्रकलाला रत्नाबाईनं न्हाऊ घालून चांगलं लुगडं नेसवलं होतं. रत्नाबाई भली बाई. तिच्या मनात एक आलं होतं, तिनं ते टिकारामच्या कानात सांगितलं.

"खुशबूले बसवा ना स्टुलावर. यांना का समजते आता? समाधान होईन बिचारीचं."

टिकारामला ते पटलं नाही, पण नाही म्हणायला जीभ रेटली नाही. खोट्यानं का होईना, तिचा जीव निवत असेल तर आपण कोण आडवे येणार? खुशबू आपला नवा फ्रॉक घालून स्टुलावर येऊन बसली आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसली. चंद्रकलानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या केसांवरून हात फिरवला.

"उठ व बाई," ती प्रेमानं म्हणाली. "तू रत्नाची ना? तुहा नंतर काढू. इथी आमची रिता बसते."

पोर उठून आजीला बिलगली. रत्नाबाईनं पदर डोळ्यांना लावला. चंद्रकलानं खुर्ची स्टुलाजवळ ओढली, उजवा हात स्टुलावरच्या मोकळ्या जागेभोवती टाकला, जसा लेकराच्या खांद्यावर टाकावा तसा, आणि वाकून त्या जागेशी बोलू लागली.

"नीट बस. पाय नोको हालवू. केस मागं घे, डोळ्यावर आले. आन् तोंड मीट, विहिरीवर पडून दात पाडून घेतला तो दिसन फोटूत."

दात. समोरचा वरचा दात. विहिरीच्या पायरीवर पडली होती, ओठ सुजला होता, आणि मग हसताना त्या फटीतून जीभ बाहेर काढायची. टिकाराम घाईनं काळ्या कापडाखाली शिरला. तो दात आणि ती जीभ त्याला लख्ख दिसली. त्यांच्या भोवतीचा चेहरा तरीही आला नाही. घासलेल्या काचेवर चंद्रकला उलटी दिसत होती, तिचा तो वळलेला हात, आणि हाताच्या आत काही नाही. कापडाखाली कुणी पाहत नव्हतं, म्हणून त्यानं डोळ्यांना वाहू दिलं. मग चाक फिरवून प्रतिमा साफ केली, कागदाची पेटी बसवली आणि बाहेर आला.

भिंगातलं भोक लहान, कागद मंद, त्यातून झाडाची सावली. भिंगावरचं टोपण काढल्यावर बराच वेळ आकडे मोजायला लागणार होते. एवढ्या वेळात जो हलतो त्याचा नुसता धूर होतो, आणि जो उठून जातो तो फोटोत येतच नाही. म्हणूनच असल्या कॅमेऱ्यापुढे लेकरांना बसवणं कर्मकठीण, आणि चंद्रकला पुन्हा पुन्हा त्या स्टुलाला बजावत होती, हलू नको बाई, हलू नको. टिकारामनं टोपण काढलं. चंद्रकला कॅमेऱ्याकडे टक लावून, श्वास रोखून बसली. तिचा हात जरासुद्धा ढळला नाही. त्यानं टोपण लावलं.

कागद धुवून, त्यावरून सुलटी प्रत काढून, वाळवून बाहेर आणेपर्यंत दुपार झाली. भात्यातून कुठंही उजेड गळत नव्हता. भिंग मधोमध धारदार होतं. चंद्रकलाच्या लुगड्याचा काठ, गळ्यातली पोत, कपाळावरची सुरकुती, सगळं स्पष्ट आलं होतं. टिकारामच्या हातून इतका चांगला फोटो पूर्वी कधी निघाला नसेल. तिच्या हाताच्या वळणात स्टुलाची लाकडी फळी चकचकीत दिसत होती.

तो तिच्यापुढे बसला आणि फोटो तिच्या हातात दिला. दुसरं काय करणार होता? ती आता किंचाळेल, की रडेल, की काही न समजून बाजूला ठेवून देईल, काहीही होऊ शकत होतं. चंद्रकलानं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. बोटानं स्टुलावर चाचपलं.

"हालली," ती म्हणाली. "सांगतलं होतं हालू नोको. हालली, म्हणून नाही आली."

मग तिनं मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. परक्या फोटोवाल्याकडे पाहावं तसं नाही. कितीतरी महिन्यांनी तिनं त्याला ओळखलं होतं.

"तुमी लय उशीर केला, रिताचे बाबूजी," ती म्हणाली. "लेकरू केवढा वेळ बसन?"

टिकारामनं तिचे दोन्ही हात धरले, तिच्या बोटांवर तंबाखूचे जुने डाग होते.

"हो," तो म्हणाला. "लय उशीर केला."

"जाऊ द्या, रडू नोका. पुन्हा काढा." तिनं हात सोडवून घेतले आणि पदर खोचला. "तुमी कागद भरा. मी तिले बलावून आणतो."

टिकाराम अंधाऱ्या कोठीत गेला, दार लावून घेतलं आणि चाचपडत पेटीत नवा कागद घालू लागला. बाहेर अंगणातून, मग रस्त्यावरून, मग आणखी लांबून, चंद्रकला रिताला हाका मारत होती.